मी एकदाच दाबलं

मे महिन्यात माझा वायरलेस माऊस बिघडला. एक टॅब बंद करायला जावं तर दोन बंद व्हायच्या. फाइल ओढून एका फोल्डरमधून दुसऱ्यात न्यायला लागलो की अर्ध्या वाटेत सुटायची आणि भलत्याच तिसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन पडायची. कर्सर मधेच अडकायचा आणि मग उडी मारून पडद्याच्या दुसऱ्या टोकाला उगवायचा. दोन वर्षांपूर्वी साडेबाराशेला घेतलेला माऊस. नवा मागवला असता तर दुसऱ्या दिवशी दारात आला असता, आणि रूममेट तेच सांगत होता. पण मी दिवसभर बिघाड शोधायचाच पगार घेतो. घरातला माऊस दुरुस्त करता येऊ नये हे मनाला लागलं. शिवाय शनिवार होता, आणि मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता कोपरखैरण्यात घराबाहेर पडण्यासारखं काही नसतं.

माऊसची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातल्या एका आकड्यावर उभं आहे.

आपल्याकडे कुठलीही बिनवायरची वस्तू बिघडली की पहिला उपाय म्हणजे सेल काढून पुन्हा घालायचा. तेवढ्याने भागलं नाही तर ती तळहातावर आपटायची. टीव्हीच्या रिमोटपासून ही विद्या घरोघर आहे. मी दोन्ही केलं. मग नवा सेल घातला. कर्सरच्या उड्या तशाच.

बिघाड शोधायची आमची पद्धत म्हणजे संशयितांची यादी निम्मी निम्मी करत जायची. माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघायचा. तिथेही बिघाड दिसला तर माऊस दोषी, नाही दिसला तर कॉम्प्युटर. मी डोंगल काढून रूममेटच्या लॅपटॉपला लावला आणि गोंधळात पडलो. तिथे कर्सर अगदी गुळगुळीत चालत होता, पण टॅब मात्र दोन-दोनच बंद होत होत्या. अर्धा तास गेला तेव्हा लक्षात आलं, की रोग एक नाही, दोन आहेत. मी दोन्हींना एकच नाव देऊन बसलो होतो. ही चूक मी ऑफिसात नवीन मुलांना वर्षातून चारदा समजावून सांगतो.

कर्सरच्या उड्यांचं कारण मजेशीर निघालं. असले माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर बोलतात. हा पट्टा भारतात २००५ साली परवानामुक्त झाला आणि तेव्हापासून त्यात सगळे घुसलेत. वायफाय तिथेच, ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. माझ्या खोलीत बसून मोबाईलवर बघितलं तर एकतीस वायफाय दिसत होती. आमच्या बिल्डिंगची, समोरच्या बिल्डिंगची आणि खालच्या केक शॉपची. पण खरा गुन्हेगार याहून जवळ होता. लॅपटॉपच्या ज्या पोर्टात डोंगल होता, त्याच्या शेजारच्या पोर्टात महिन्याभरापूर्वी घेतलेली हार्ड डिस्क होती. ती यूएसबी ३.० ची. इंटेलने २०१२ साली स्वतःच एक टिपण काढून ठेवलंय, की यूएसबी ३.० मधून डेटा धावायला लागला की जो विद्युत गोंगाट होतो, तो नेमका या २.४ च्या पट्ट्यातही पसरतो, आणि शेजारी बसलेल्या डोंगलला माऊसचं बोलणं ऐकू येईनासं होतं. उपाय साधा: डोंगल लांब न्या. घरात एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल पडली होती. तिच्या टोकाला डोंगल लावला आणि टेबलावर माऊसशेजारी ठेवला. उड्या थांबल्या. वायरलेस माऊसला मीटरभर वायर लावून तो बरा केला, यावर रूममेट बराच वेळ हसत होता.

राहिला दुहेरी क्लिक.

याची तपासणी मी माझ्या जुन्या लिनक्स लॅपटॉपवर केली. त्यात ‘इव्हटेस्ट’ नावाचा एक छोटा प्रोग्राम आहे. माऊसकडून आलेला प्रत्येक संकेत, तो आला त्या क्षणाच्या वेळेसकट, जसाच्या तसा पडद्यावर छापतो. एकदा बटण दाबून सोडलं की दोन नोंदी यायला हव्यात: दाबलं, सोडलं. मी दाबलं. चार ओळी आल्या. दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं, या वेळी दोनच. पुन्हा, चार. पाच-सहा क्लिकमागे एकदा चार ओळी येत होत्या. जिथे चार आल्या तिथे पहिल्या ‘दाबलं’पासून दुसऱ्या ‘दाबलं’पर्यंतचं अंतर मोजलं. ४३ मिलिसेकंद, ३८, ४९, ४१. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

मग मी दुसरा, धडधाकट माऊस लावून मुद्दाम जितक्या पटापट जमेल तितक्या पटापट दोनदा दाबून बघितलं. १४० च्या खाली जाईना. रूममेट कॉलेजात असताना गेम खेळायचा, त्याला बसवलं. त्याने दात-ओठ खाऊन ११८ काढले आणि विजयी मुद्रेने उठला. ४१ मिलिसेकंदांना एक क्लिक म्हणजे एका बोटाने सेकंदाला साधारण पंचवीस वेळा दाबायचं. तो वेग माणसाच्या बोटाचा नाहीच.

हे काय असतं ते मला ठाऊक होतं, आणि त्याचीच पुढे लाज वाटायची होती. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला ८०५१ मायक्रोकंट्रोलरचं प्रॅक्टिकल होतं. बटण दाबलं की आकडा एकाने वाढला पाहिजे, एवढाच प्रयोग. सगळ्यांचं पहिल्यांदा चुकतं. एकदा दाबलं की आकडा शून्यावरून एकदम चारवर. आम्ही प्रोग्राम परत परत वाचत बसलो. मग सरांनी सांगितलं, प्रोग्राम बरोबर आहे, बटणच खोटं बोलतंय. बटणाच्या आत धातूची पत्ती असते. ती दुसऱ्या धातूवर आपटली की एकदाच टेकत नाही. पडलेल्या चेंडूसारखी काही क्षण टपटप उड्या मारते आणि मग स्थिरावते. माणसाला ते एकच टिचकं ऐकू येतं, पण चिपला प्रत्येक उडी ही वेगळी दाब वाटते. म्हणून पहिल्या दाबेनंतर वीसेक मिलिसेकंद कान बंद ठेवायचे, पत्ती शांत होऊ द्यायची. याला डिबाउन्स म्हणतात. जर्नलमध्ये लिहिलं, सही घेतली, तोंडी परीक्षेत विचारलं तेव्हा उत्तरही दिलं.

माऊसमध्येही हे कान बंद ठेवणं असतंच. पण पत्ती जुनी झाली, तिच्यावर काजळी धरली, ताण सैल पडला, की टपटप लांबते आणि कान उघडल्यावरही चालू राहते. किंवा दाबून धरलेलं असतानाच संपर्क क्षणभर तुटतो. माऊसला वाटतं सोडलं आणि परत दाबलं. फाइल अर्ध्या वाटेत सुटायची ती याच कारणाने.

रविवारी संध्याकाळी मी तीन टाकीजवळच्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने माऊस उलटा केला, खालच्या गुळगुळीत पट्ट्या नखाने उचलल्या, त्यांच्याखाली लपवलेले स्क्रू काढले. दोन मिनिटांत माऊस उघडा. डाव्या बटणाखाली शेंगदाण्याएवढा काळा स्विच. त्याचं झाकण त्याने ब्लेडने अलगद काढलं आणि भिंगाखाली धरून मला दाखवलं. तांब्याची केसासारखी पत्ती, आणि टेकायच्या जागी काळा ठिपका.

“कार्बन धरलाय. पत्ती थकली. इथं खाडीची हवा, त्यात पावसाळा. टिकत नाही काही.”

नवा स्विच त्याच्याकडे नव्हता. लॅमिंग्टन रोडवरून आणावा लागेल म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, “उजवं बटण किती वापरता?” फारसं नाही. “मग उजव्याचा काढून डावीकडे लावतो, डाव्याचा उजवीकडे. वर्षभर बघायला नको.” सोल्डरिंग गनने पंधरा मिनिटांत अदलाबदल करून दिली. शंभर रुपये घेतले. उजवा क्लिक दोनदा झाला तर काही बिघडत नाही, मेनू उघडतो आणि परत उघडतो. इतका स्वस्त आणि चोख उपाय मी ऑफिसात कधी सुचवल्याचं आठवत नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण तीन टाकीहून चालत घरी येताना ४१ हा आकडा डोक्यातून जाईना. कुठेतरी बघितला होता. आणि रिक्षा स्टँडपाशी आठवलं कुठे.

मी काम करतो ती कंपनी ट्रकवाल्यांना पैसे पोचवते. न्हावाशेवाहून कंटेनर निघायच्या आधी ट्रान्सपोर्टरला डिझेल-टोलसाठी ॲडव्हान्स द्यावा लागतो. तो आमच्या सिस्टिममधून जातो. महाप्याच्या ऑफिसात एका मजल्यावर आम्ही प्रोग्राम लिहिणारे बसतो, खालच्या मजल्यावर ऑपरेशन्सची मंडळी. ती बहुतेक कंत्राटी, एका एजन्सीमार्फत आलेली. त्यांच्यात एक ताई होत्या. चाळिशीच्या, घणसोलीच्या माथाडी वसाहतीत राहणाऱ्या. वडील तुर्भ्याच्या मार्केटात पोती उचलायचे. पेमेंटच्या टेबलावर त्या बसायच्या, दिवसाला दीडशे-दोनशे पेमेंट पाठवायच्या. मी तेव्हा पंचवीसचा होतो आणि त्या मला ‘सर’ म्हणायच्या.

२०२२ च्या पावसाळ्यात त्यांच्या हातून तीन पेमेंट दोनदा गेली. पहिली दोन परत मिळाली, ट्रान्सपोर्टर ओळखीचे होते, पुढच्या फेरीत वळते करून घेतले. तिसऱ्या वेळी २३,४०० रुपये दुसऱ्यांदा गेले ते गेलेच. त्या ट्रकवाल्याने फोन उचलणं बंद केलं.

तिकीट माझ्याकडे आलं, कारण तो स्क्रीन मी लिहिला होता. मी खाली जाऊन त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “सर, मी एकदाच दाबलं.” तिन्ही वेळी एकदाच? “हो, एकदाच. हा माऊसच बरोबर नाही. मी सांगितलं होतं, त्यांनी सेल बदलून दिला.” तो वायरलेस माऊस होता, ऑफिसने घाऊक आणलेल्यातला. मी तो हातात घेऊन दोन-चारदा दाबला. नीट चालला. पाच-सहा क्लिकमागे एकदा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

वर येऊन मी लॉग बघितले. एकाच लॉगिनवरून, एकाच मशीनवरून, सारख्याच रकमेच्या दोन विनंत्या सर्व्हरला आलेल्या होत्या. म्हणजे दोनदा दाबलंय, हे सिद्ध. मी त्या ओळी कॉपी करून तिकिटात डकवल्या आणि खाली लिहिलं: वापरणाऱ्याकडून दुहेरी क्लिक, सिस्टिम अपेक्षेप्रमाणे चालते आहे. तिकीट बंद.

त्या रविवारी रात्री मी ते जुनं तिकीट उघडलं. माझ्याच हाताने डकवलेल्या ओळी तशाच होत्या. ११:४२:०७.३१८ आणि ११:४२:०७.३५९. एक्केचाळीस मिलिसेकंद. आधीच्या दोन घटनांमध्ये ३७ आणि ५२.

त्या खोटं बोलत नव्हत्या याचा पुरावा मी त्यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणून तिकिटात लावला होता. आणि तीन वर्षं तो तिथेच होता, कुणालाही वाचता यावा असा. मॅनेजरने वाचला, ऑडिटवाल्यांनी वाचला. सगळ्यांनी ओळी मोजल्या, दोन आहेत म्हणून. दोन ओळींमधलं अंतर कुणी मोजलं नाही.

इथे एक तांत्रिक शंका मीच काढतो, कारण ती मला रात्रभर छळत होती. हे आकडे सर्व्हरवर विनंती पोचल्याच्या वेळेचे आहेत, बोटाच्या वेळेचे नाहीत. वाटेत नेटवर्कमध्ये एखादी विनंती रेंगाळते, अंतर थोडं कमी-जास्त होऊ शकतं. एकच घटना असती तर मी छातीठोक बोललो नसतो. पण तिन्ही वेळी पन्नाशीच्या आसपास किंवा खाली? आणि माऊस नसेल तर ब्राउझरने विनंती परत पाठवली असेल, ब्राउझर नसेल तर मधल्या एखाद्या यंत्राने. संशयित बरेच आहेत. त्या यादीत ताईंचं बोट नाही.

आणि मुळात माऊस खराब असला तरी पैसे दोनदा जायलाच नको होते. लिफ्टचं बटण तुम्ही दहादा दाबा, लिफ्ट एकदाच येते. लिफ्ट बनवणाऱ्याने धरूनच चाललेलं असतं, की माणसं अधीर असतात. गणितात अशा क्रियेला ‘आयडेमपोटंट’ म्हणतात. बेंजामिन पियर्स नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १८७० मध्ये हा शब्द घडवला. एकदा करा नाहीतर शंभरदा, परिणाम तोच. पैशांच्या व्यवहारात हे करायची रीत ठरलेली आहे. स्क्रीन उघडताना प्रत्येक पेमेंटला एक स्वतंत्र खूणक्रमांक द्यायचा, आणि त्याच क्रमांकाची दुसरी विनंती आली तर सर्व्हरने म्हणायचं, हे झालंय. मी ते केलं नव्हतं. घाई होती, ते पुढच्या टप्प्यात करू असं ठरलं होतं. पैसे भरताना ‘कृपया रिफ्रेश करू नका, बॅक बटण दाबू नका’ अशी लाल अक्षरांतली सूचना आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. ती वाचून आपण श्वास रोखून बसतो. त्या पाटीचा खरा अर्थ असा, की आतल्या माणसाने त्याचं काम पुरं केलेलं नाही, तेव्हा सांभाळून राहायची जबाबदारी तुमची.

तिसऱ्या घटनेनंतर ताईंना पेमेंटच्या टेबलावरून काढून डेटा एंट्रीला बसवलं. त्यानंतर दोन आठवड्यांनी मी गुपचूप दुरुस्ती केली. क्लिक झाल्याबरोबर बटण राखाडी होऊन बंद पडेल, आणि सर्व्हर खूणक्रमांक तपासेल. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी कुणाला सांगितलं नाही. दुहेरी पेमेंट थांबली. मॅनेजर म्हणाला, “बघ, माणूस बदलल्यावर प्रॉब्लेम गेला.” मी त्या मीटिंगमध्ये होतो. समोसे होते. मी काही बोललो नाही. एजन्सी त्यांच्या पगारातून पैसे कापतेय हे कॅन्टीनमध्ये कानावर आलं, तेव्हाही नाही. फेब्रुवारीत त्यांचं कंत्राट संपलं आणि वाढवलं गेलं नाही. मला ते कळलं तेव्हा त्यांच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं होतं.

जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटिश टीव्हीवर ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ ही मालिका आली. ती मी दोन रात्रींत बघून संपवली आणि ऑफिसात आठवडाभर तिच्यावर तावातावाने बोललो. ब्रिटनमध्ये १९९९ पासून टपाल कार्यालयांत होरायझन नावाची संगणक प्रणाली आली. तिच्या हिशेबात तुटी दिसायला लागल्या. छोटी टपाल कार्यालयं चालवणारे लोक सांगत होते की आम्ही पैसे घेतले नाहीत, सिस्टिम चुकतेय. त्यांना सांगितलं गेलं, सिस्टिम चुकत नाही. नऊशेहून अधिक जण दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, कित्येकांनी घरं विकून न केलेल्या तुटी भरल्या. मालिका बघताना मला त्या टपालवाल्यांची बाजू इतकी स्पष्ट दिसत होती, की समोरच्यांना कशी दिसली नाही याचं आश्चर्य वाटत होतं. आपलं स्वतःचं तिकीट मला एकदाही आठवलं नाही.

माऊस दुरुस्त झाल्यावर मी त्या प्रकरणाचा न्यायालयाचा निकाल शोधून वाचला, २०१९ च्या डिसेंबरमधला. त्यात डॅलमेलिंग्टन बग म्हणून एक प्रकरण आहे. २०१५ साली स्कॉटलंडमधल्या त्या गावात एक बाई ८,००० पौंडांची रोकड मिळाल्याची नोंद करत होत्या. स्क्रीन अडकला. त्यांनी एंटर दाबलं, काही होईना, म्हणून परत दाबलं, परत दाबलं. प्रत्येक दाब नवी आवक म्हणून नोंदली गेली. चार वेळा आठ हजार. म्हणजे कागदावर ३२,००० आले, हातात ८,०००, आणि २४,००० पौंडांची तूट त्यांच्या नावावर. त्या बाईंनी खरोखरच अनेकदा दाबलं होतं, आणि तरीही चूक त्यांची नव्हती. आमच्या ताईंनी तर एकदाच दाबलं होतं.

सोमवारी मी तिकीट परत उघडलं. आकडे, माझी मोजणी आणि तेव्हा स्क्रीनमध्ये काय नव्हतं, हे लिहिलं. मॅनेजरला, फायनान्सला आणि एचआरला मेल केला. मॅनेजरने फोन करून विचारलं की आता तीन वर्षांनी हे कशाला. चांगला माणूस आहे, आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा होता. एचआरचं उत्तर आलं की नोंद घेतली आहे, पण वेतनकपात हा एजन्सी आणि त्यांच्या कर्मचाऱ्यामधला विषय आहे. तो माऊस मिळतोय का म्हणून आयटीत विचारलं. भंगारात गेला होता.

ताईंचा नंबर खालच्या मजल्यावरच्या एकीकडून मिळाला. आधी त्यांनाच विचार आणि मग दे, असं मी सांगितलं होतं. दोन दिवसांनी संध्याकाळी सात वाजता घणसोली स्टेशनबाहेर चहाच्या टपरीपाशी भेटायचं ठरलं. त्या आता एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसतात. मी आधीच घामाघूम होतो.

मी सगळं सांगितलं. पत्ती, कार्बन, एक्केचाळीस. मध्ये मध्ये इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षातही जाऊन आलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मी तर सांगितलंच होतं, सर.”

“हो.”

“तुम्ही तेव्हा माऊस हातात घेऊन बघितलात. मला वाटलं, आता यांना कळेल.”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. २३,४०० रुपये सहा हप्त्यांत कापले होते, महिन्याला ३,९००. पगार सतरा हजार होता. मी पैशांचं काढलं, की मी माझ्याकडून... त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. “तुमच्याकडून कशाला? कापले एजन्सीने.” मग जरा थांबून म्हणाल्या, “मला लिहून द्या.”

काय लिहून देऊ?

“हेच. मी एकदाच दाबलं म्हणून. एजन्सीला तर दाखवीनच. पण घरी दाखवायचंय आधी. आमचे हे मला कधी काही बोलले नाहीत. पण सहा महिने पगार कमी आला ना, तेव्हापासून घरात पैशाचं काम असलं की म्हणतात, आण, मी करतो.”

कंपनीच्या लेटरहेडवर देता येणार नाही, असं एचआरने कळवलं. ते मला अपेक्षितच होतं. मी साध्या कागदावर मराठीत लिहिलं, नाव, हुद्दा आणि सही घातली. शनिवारी परत त्याच टपरीपाशी दिलं. त्यांनी उभ्याउभ्या, ओठ हलवत वाचलं. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

“इथे ‘कदाचित’ का लिहिलंय?”

मी लिहिलं होतं: ‘कदाचित माऊसच्या दोषामुळे त्यांच्या एका क्लिकच्या दोन नोंदी झाल्या असाव्यात.’ मी समजावायला लागलो, की माऊस आता हातात नाही, तपासता येत नाही, त्यामुळे शंभर टक्के असं म्हणणं बरोबर होणार नाही. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “एवढ्या वेळात माणसाला दोनदा दाबता येतं का?”

“नाही.”

“म्हणजे मी किती वेळा दाबलं?”

“एकदा.”

“मग त्यात कदाचित कुठे आलं?”

माझ्या बॅगेत कोरा कागद होता. टपरीच्या फळीवर, चहाचा ओला गोल टाळून, मी पुन्हा लिहायला घेतलं. पहिलं वाक्य: त्यांनी तिन्ही वेळी बटण एकदाच दाबलं. मग ४१, ३७, ५२. मग: सिस्टिममध्ये दुहेरी पेमेंट रोखण्याची सोय त्या वेळी नव्हती, ती करणं माझं काम होतं. आणि सगळ्यात शेवटी: दुसरी नोंद बहुधा माऊसच्या बटणातल्या बिघाडामुळे झाली.

‘बहुधा’वर त्यांनी बोट ठेवलं, जरा विचार केला, आणि म्हणाल्या, “हे चालेल. ते माऊसचं आहे.” कागदाची घडी घालून पर्समधल्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला, आधार कार्डाच्या मागे. ठाण्याची गाडी लागत होती. त्यांनी चहाचे पैसे आधीच दिले होते.

एजन्सीचं उत्तर अजून आलेलं नाही. मी त्यांना दर सोमवारी मेल करतो.